मागचा बोल्ट

ऑरेस्टचा ट्रक थंड असला की टिकटिकायचा.
उजव्या मॅनिफोल्डला केसाएवढी चीर,
बिडाचं ते जुनं धूड, तिथून धूर निसटायचा;
दहाएक मिनिटांत लोखंड तापून फुगायचं,
चीर आपोआप मिटायची
आणि ट्रक गप्प.
आमच्या घराण्याचं उलटं.
आम्ही थंड असताना गप्प असतो.

दोन वर्षांपूर्वी तो उत्तरेला गेला, तेलाच्या कामावर.
किल्ली फ्रिजवर ठेवून.
तेव्हापासून ट्रक मी चालवते
आणि टिकटिकही माझीच झाली.

हेडर रेजायनाहून खोक्यात आले.
एप्रिल संपत आला होता, तरी शेडच्या मागे
बर्फाचा एक मळका ढीग अजून हटून बसला होता.
प्रत्येक सिलिंडरला आपापली नळी,
आपापलं वळण, आणि शेवटी चौघींचं एक तोंड.
आईने एक उचलून उलटसुलट पाहिलं.
"दूध काढायच्या मशीनसारखं दिसतंय," म्हणाली,
आणि अंगणात कोंबड्यांकडे गेली.

सोळा बोल्ट.
तीन दिवस रोज संध्याकाळी त्यांना तेल पाजलं.
पंधरा निघाले, शिव्या खात, पण निघाले.
सोळावा सगळ्यात मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून,
जिथे हात पोचतो तिथे डोळा पोचत नाही,
डोळा पोचतो तिथे पाना फिरत नाही.
मी जोर लावला. आधी तो मऊ झाला.
तो मऊपणा ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको.
डोकं माझ्या हातात आलं.
धड हेडमध्ये, आत.

बर्नाडेट पेल्टिए आली रात्री आठला,
वेल्डिंगचं मशीन गाडीत आणि कुत्रा पुढच्या सीटवर.
तिने टॉर्च तोंडात धरून बराच वेळ आत पाहिलं.
"कोणी घातला होता हा?"
"भावाने."
"राग होता का त्याला कसला?"
मी काही बोलले नाही.
तिने तुटक्या टोकावर एक नट बसवला, वेल्ड मारला,
लाल झालेला तो तुकडा अंधारात
मांजराच्या डोळ्यासारखा आमच्याकडे बघत राहिला.
"मेण आहे घरात?"

आईने आणलं. दुकानातली मेणबत्ती नाही,
ईस्टरच्या अंड्यांवर नक्षी काढायचं पिवळं मेण,
तिच्या आईच्या डबीतलं, वर जुन्या काजळीचा थर.
बर्नाडेटने ते गरम लोखंडाला टेकवलं.
मेण वितळून आट्यांत शिरलं.
शेडभर पोळ्याचा वास.
मग पाना. किर्र.
पाव फेर पुढे, पाव मागे,
जनावराला दावणीतून सोडवावं तसं, चुचकारत,
आणि तो बाहेर आला,
अख्खा, गंजका, बोटाच्या पेरापेक्षा लहान.
आईने तो ॲप्रनच्या खिशात टाकला.
का, ते विचारलं नाही.

पहिल्यांदा सुरू केला तेव्हा नळ्यांवरचा रंग जळून
बॉनेटमधून इतका धूर आला
की बर्नाडेटचा कुत्रा पळाला.
मग आवाज. मोकळा, खर्जातला,
मध्ये कुठेही न अडखळणारा.
बर्नाडेट हसली. मीही. पैसे तिने घेतले नाहीत,
दोन डझन अंडी घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघाले
धान्याच्या कोठारावरच्या शिफ्टला.
परतले तर आई दारात, अंगावर अजून झोपेचाच गाऊन,
चेहऱ्यावर उशीची घडी.
"तू गेलीस कधी? मला कळलंच नाही."
मग बराच वेळ चुलीकडे तोंड करून,
"तो असतानाही मी पडल्या पडल्या ऐकायचे.
टिकटिक थांबली की समजायचं, फाटकाबाहेर पडला.
मग उठायचं."
आज ती सातपर्यंत झोपली होती.
त्याबद्दल खूश होती की रागावली होती, सांगता येत नाही.

जुनं मॅनिफोल्ड खुराड्याच्या दाराला टेकवलंय,
वाऱ्याने दार उघडू नये म्हणून.
"भंगारात देऊ नकोस," आई म्हणाली. "तो विचारेल."

खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं:
पहिल्या तापानंतर पूर्ण थंड होऊ द्या,
मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा.
संध्याकाळी खाली सरकले, पाठीखाली पुठ्ठा घेऊन.
पंधरा घट्ट होते.
मागचा अर्धा फेर सैल.